दोघांचे स्वयंपाकघर आणि तिसऱ्याचे ताट

‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही म्हण सुरतेत राहावयास आलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच ऐकावयास मिळते. लोचो, खमण, घारी, उंधियू, हिवाळ्यातील पोंक. हे शहर खाणाऱ्यांचे आहे आणि आपण मंडळी येथे रुळलो तीही बऱ्याच अंशी या खाण्याच्या आधारानेच. तेव्हा येथील एखाद्या डॉक्टराने बाहेरच्या खाण्याविरुद्ध लेख लिहिणे हा कृतघ्नपणाच ठरेल आणि माझा तसा हेतूही नाही. मला लिहावयाचे आहे ते नवरा-बायको अशा दोघांच्याच घरातील रोजच्या स्वयंपाकाविषयी, आणि आम्ही बालरोगतज्ज्ञ त्याविषयी जे प्रश्न विचारीत नाही त्यांविषयी. निमित्त आहे माझ्या हातून झालेल्या एका चुकीचे.

सुरतेतील मराठी वस्ती म्हटली की उधना, लिंबायत, डिंडोली ही नावे प्रथम डोळ्यांसमोर येतात. परंतु हजिऱ्याच्या खत, पोलाद व वायू यांच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी तरुण खानदेशी जोडपी इच्छापोरच्या बाजूलाही खोली घेऊन राहतात. अशाच एका जोडप्याची सोळा महिन्यांची मुलगी माझ्याकडे आली. तक्रार किरकिरेपणाची आणि भिंतीचे पोपडे खाण्याची होती. तळहात पांढरेफटक. हिमोग्लोबिन ६.९ ग्रॅम, एमसीव्ही ५८, तांबड्या पेशी ३९ लक्ष. एमसीव्हीला पेशींच्या दशलक्षातील संख्येने भागले असता उत्तर पंधराच्या आसपास येत होते, म्हणजे कल लोहाच्या कमतरतेकडे होता. थॅलॅसेमियासाठी आईवडिलांची तपासणी केली, तीही निर्दोष आली. त्याच वेळी आईचे हिमोग्लोबिन पाहिले, ते ८.८ निघाले.

जुना केसपेपर काढला. सातव्या महिन्यातील भेटीच्या नोंदीत माझ्याच अक्षरांत एक ओळ होती : ‘वरचे अन्न – घरात शिजते तेच द्या – समजावले.’ ही ओळ मी गेली पंचवीस वर्षे लिहीत आलो आहे. ती मी त्या बाईंना वाचून दाखवली, थोड्या नाराजीच्या स्वरात. त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, तुम्ही सांगितलं होतं ते मला आठवतं. पण घरात शिजतं काय? आम्ही दोघंच तर आहोत.”

मी खुर्ची पुढे ओढून प्रथमच चोवीस तासांच्या आहाराची नोंद नीट घेतली. सकाळी चहा आणि खारी. यजमान पाळीवर गेले की दुपारी एकटीसाठी कुकर लावावा असे वाटत नसे. कालची पोळी आणि शेव, फार तर बटाट्याच्या काचऱ्या. रात्री यजमानांची पाळी सुटली की आठवड्यातील चार-पाच दिवस मोटारसायकलवरून बाहेर : कधी वडापाव, कधी पावभाजी, कधी चायनीजची गाडी, पगाराच्या आठवड्यात अंड्याचा घोटाळा. मूल मांडीवर. त्याला भाजीत बुडवलेला पावाचा तुकडा आणि घरी आल्यावर दुधाची बाटली. दिवसाकाठी दूध जवळजवळ एक लिटर. घरात फ्रीज होता, कुकर होता, गॅस होता. माहेरहून आलेली उडदाची डाळ डब्यात तशीच होती.

येथे वैद्यकीय भाग थोडक्यात सांगतो. डॉक्टर वाचकांना तो ठाऊकच आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलाला भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रोज ८ मिलिग्रॅम लोह हवे. लिटरभर दुधातून ते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम मिळते. वर दुधातील कॅल्शियम व केसीन इतर अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणतात आणि पोट भरल्यामुळे दुसरे अन्न आत जातच नाही. वर्षानंतर दूध अर्ध्या लिटरपर्यंतच ठेवावे असे आपण सांगतो, त्याचे हेच कारण. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब स्वास्थ्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांतील रक्तक्षयाचे प्रमाण देशात ६७.१ टक्के, महाराष्ट्रात ६८.९ आणि गुजरातमध्ये ७९.७ टक्के आढळले. म्हणजे आपल्या प्रतीक्षाकक्षात बसलेल्या दर पाच मुलांतील चौघांविषयी हा प्रश्न विचारावयास हवा. परंतु औषध लिहिण्याची घाई आपल्याला फार असते. लोहाची बाटली दिली की कर्तव्य संपले असे वाटते. ती बाटली संपल्यावर मूल पुन्हा त्याच ताटाकडे वळते.

मग त्या घरात स्वयंपाक का होत नव्हता? आळस हे उत्तर सोपे आहे आणि चुकीचे आहे. त्या बाईंना स्वयंपाक उत्तम येतो. कळण्याची भाकरी, भरीत, डुबुकवडे, शेवभाजी, सारे येते. पण ते शिकल्या एकत्र कुटुंबात, आठ-दहा माणसांच्या भांड्यांत, सासूबाईंच्या मुठीच्या अंदाजाने. दोघांसाठी करावयास घेतले की उरते, उरले की टाकावे लागते, आणि टाकणे त्यांच्या जिवावर येते. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप दिले. घरातील वडीलधाऱ्यांपासून दूर संसार मांडणाऱ्या मुलींना त्या मापाचा केवढा आधार झाला असेल, हे मला त्या दिवशी उमगले.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. एका खोलीचे घर, आठवड्याला बदलणारी पाळी, शेजार परका. संध्याकाळी मोटारसायकलवर बसून हजिरा रस्त्याने जाणे, गाडीवर उभे राहून काही खाणे, हा त्या दोघांचा एकमेकांशी बोलण्याचा वेळ होता. ‘बाहेरचे खाणे बंद’ असे केसपेपरवर लिहिणाऱ्या डॉक्टराला आपण आणखी काय बंद करीत आहोत याची कल्पना नसते. मी ते लिहिले नाही.

त्याऐवजी कागदावर एक हिशेब मांडला. तो मला इतका उपयोगी पडला की येथे सविस्तर देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांतील दोन हजार कॅलरींच्या नमुना ताटात दिवसाला साधारण ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या आणि २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. दोन माणसे आणि तीस दिवस असा गुणाकार केला तर डाळी-कडधान्ये महिन्याला पाच किलो आणि तेल सुमारे १६०० ग्रॅम होते. (अंडी-मांस खाणाऱ्यांनी डाळीचा काही भाग त्यांत मोजावा.) आपल्याकडे अनेक घरांत तेलाचा पंधरा किलोंचा डबा एकदम आणतात. या हिशेबाने तो डबा दोघांच्या घरात नऊ महिने पुरावयास हवा, आणि तोही बाहेर काहीच न खाता.

त्या घरात डबा साडेपाच महिन्यांत संपला होता, बाहेरचे तेल निराळे. तूरडाळ मात्र दोन महिन्यांपूर्वी आणलेली एक किलो अजून शिल्लक होती. यजमान हिशेबात पक्के, त्यांनी कागद दोनदा पाहिला आणि म्हणाले, “म्हणजे उलटं चाललंय आमचं.” मला व्याख्यान द्यावे लागले नाही. तेव्हापासून सहा महिन्यांवरील प्रत्येक बाळाच्या पालकांना मी दोन प्रश्न विचारतो : तेलाचा डबा किती दिवस पुरतो, आणि डाळीचा डबा किती दिवस? ‘आहार कसा आहे?’ या प्रश्नाला ‘चांगला आहे’ याखेरीज उत्तर मिळत नाही. डब्यांच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळते.

खरे म्हणजे हे प्रश्न बाळ येण्यापूर्वीच कोणीतरी विचारावयास हवेत. माझे स्त्रीरोगतज्ज्ञ मित्र रागावणार नाहीत अशी आशा आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. काही स्त्रियांना गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत, तर काहींना स्तनपानाच्या काळात गाजराचा रस नियमित प्यावयास दिला. पुढे त्यांच्या बाळांना गाजराच्या चवीची पेज दिली असता, रस न प्यालेल्या मातांच्या बाळांपेक्षा त्यांनी तोंडे कमी वेडीवाकडी केली. गर्भजलातून आणि दुधातून घरच्या अन्नाची चव बाळापर्यंत पोहोचते. लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत दोघे मिळून जे स्वयंपाकघर मांडतात, त्याची ओळख तिसऱ्याला अशी आधीच झालेली असते.

आणि बाहेरचे खाणे? सगळे एका मापाने मोजू नये, असे माझे मत आहे. लोचो आणि खमण हे मुळात चण्याच्या डाळीचे, वाफवलेले पदार्थ. त्यांवर ओतलेले तेल-लोणी आणि पसाभर शेव कमी करावयास सांगता येते आणि आपले सुरती दुकानदार ते ऐकतातही. पोंक म्हणजे तर कोवळी ज्वारीच. वारंवार तापवलेल्या तेलातील तळण मात्र वेगळी गोष्ट आहे. तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाली की ते वापरू नये असा नियम २०१८ पासून आहे. परंतु गाडीवरील कढईतील तेलाचे मोजमाप गिऱ्हाईक करू शकत नाही, काळे व फेसाळ तेल पाहून पुढे निघणे तेवढे त्याच्या हाती असते. मुलांच्या बाबतीत भारतीय बालरोग अकादमीने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले आहे : अतिप्रक्रिया केलेले पदार्थ व गोड पेये शक्यतो टाळावीत, आणि अगदीच झाले तर आठवड्यातून एका वेळेपेक्षा अधिक नकोत, दोन वर्षांखालील बाळाला तर फळांचा रससुद्धा नको. मांडीवरच्या बाळाला ‘एकच घास’ देताना हे ध्यानात ठेवावे.

उपदेश करणाऱ्याचे स्वयंपाकघर कसे होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मुले शिक्षणासाठी बाहेर गेल्यावर आम्हीही दोघेच उरलो. ‘आता दोघांसाठी काय करायचे’ हे वाक्य आमच्या घरातही रूढ झाले. दवाखाना संपवून रात्री साडेनऊला पिपलोद नाहीतर अडाजण, आणि रविवारी सकाळी लोचो. एके दिवशी सौ.ने सहज माझा रक्तदाब पाहिला, तो १५२/९६ निघाला. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे हे मी इतरांना सांगतो. लोणचे, पापड, शेव आणि बाहेरच्या ग्रेव्ह्या यांतून माझ्या पोटात किती जात होते हे मी कधी मोजले नव्हते. वरील हिशेब नंतर घरी लावून पाहिला, तेव्हा आमचा डबा सात महिन्यांत संपत होता. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी कुकर लावावयास शिकलो. पहिल्या दिवशी पाणी घालावयाचे विसरलो, हे येथे नोंदवून ठेवतो, कारण सौ. ते अन्यथा कोणाला तरी सांगणारच आहे.

त्या जोडप्याशी जे ठरले ते साधे होते. दिवसाआड एक वाटी डाळ किंवा भिजवलेले कडधान्य कुकरला लावावयाचे, मीठ-तिखट न घालता. पाळीवरून लवकर येईल त्या दिवशी ते यजमानांनी करावयाचे. शिजल्यावर पहिला वाटा मुलीचा : घट्ट वरण, त्यात कुस्करलेली भाकरी, तूप आणि लिंबाचे चार थेंब. मग त्याच डाळीला लोखंडी कढईत लसणाची फोडणी देऊन दोघांचे जेवण. उरलेले दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी नीट उकळून. मसूर, मटकी, कुळीथ यांत शंभर ग्रॅममागे सात-आठ मिलिग्रॅम लोह असते, बाजरीत सहाच्या आसपास. वनस्पतिजन्य लोह शरीरात कमी शोषले जाते, म्हणून लिंबू हवे आणि जेवणावर लगेच चहा नको. बाटली बंद, दूध वाटीतून, दोन वेळा. लोहाचे औषध मुलीला किलोमागे तीन मिलिग्रॅम, आईला गोळ्या. बाहेर जाणे बुधवारी आणि शनिवारी, मुलीला आधी घरी जेवू घालून. शनिवार मी सुचवला होता, बुधवार त्यांनी मागून घेतला.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. मुलीने वरण थुंकले, रात्री बाटलीसाठी आकांत केला, शेजारणीने ‘मुलीला उपाशी मारता का’ असे विचारले. एकदा रात्री अकरा वाजता यजमानांचा फोन आला, पाठीमागून रडणे ऐकू येत होते. नवी चव मुलाने स्वीकारण्यापूर्वी ती आठ-दहा वेळा पुढे करावी लागते असे मी त्यांना सांगितले. हे सांगणे माझ्यासाठी सोपे होते. पुढचे आठ-दहा घास त्यांना एका खोलीत भरवावयाचे होते.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ८.७ झाले, आठ आठवड्यांनी १०.४. भिंतीचे पोपडे खाणे पहिल्याच महिन्यात थांबले होते. आईचे हिमोग्लोबिन सावकाश वाढत होते, तिचे औषध आणखी तीन महिने चालू ठेवले. तो डिसेंबर होता आणि सुरतेत पोंक नुकताच येऊ लागला होता. निघताना त्या बाईंनी विचारले, “साहेब, हिला पोंक दिला तर चालेल का?” कोवळा असेल तर चांगला कुस्करून द्या, शेव आणि साखरेच्या गोळ्या बाजूला ठेवा, असे मी सांगितले. खिडकीतून पाहिले तो यजमान मोटारसायकल सुरू करून उभे होते आणि हँडलला पोंकाची पिशवी आधीच लटकत होती.