बर्फात जीन्स चालेल का?

प्रश्न : जानेवारीत सहकुटुंब गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणार आहोत. इथली जाड जीन्स थंडीला पुरेल ना? – एक वाचक, उल्हासनगर कॅम्प २

उत्तर : जाड कापड म्हणजे ऊब, हा समज बर्फात टिकत नाही. डेनिम सुती असल्याने नवशिक्याच्या प्रत्येक पडण्यासरशी ते पाणी शोषते, लवकर वाळत नाही आणि अंगातली उष्णता ओढून घेते. आपण आत थर्मल, म्हणजे अंगालगतचे लोकरी वा कृत्रिम धाग्याचे कपडे, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर जलरोधक पँट-जॅकेट घालावे. बाहेरचे कपडे व बूट तिथे भाड्याने मिळतात, त्यामुळे खरेदीची चिंता नको. ताजा बर्फ सुमारे ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे परावर्तित करतो, म्हणून गॉगल हवाच. घरात कुणाला हृदयविकार असल्यास गंडोलाने, म्हणजे केबल कारने, उंचावर जाण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.