तुळशीसाठी मागवलेली माती

वेंगुर्ला,
मृग नक्षत्र

चि. सौ. बायोस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

हे फोनवर बोलले असते, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि शेजारी विहीणबाई असतात. त्यांच्यादेखत तुला ओशाळवाणं करायचं नाही, म्हणून पत्र. एकटी असताना वाच.

परवा तुझा भाऊ चंद्रपूरहून परतला. तिथलं ऊन, वीज केंद्राची धुराडी, जावईबापूंनी दाखवलेलं ताडोबा, सगळं सांगून झालं. जेवायला बसल्यावर हळूच म्हणाला, "मावशी, ताई माती खाते." तुझ्या आईचा, आक्काचा, वाढता हात तसाच राहिला. तुळशीसाठी म्हणून तू परसातली तांबडी माती मागवलीस, ती तिनेच कौतुकाने चाळून, वाळवून, लोणच्याच्या बरणीत भरून दिली होती ना! तुळशीच्या कुंडीत म्हणे सगळी तिथलीच काळी माती आहे. आणि दुपारी सगळे झोपले की तू गॅलरीत बरणी घेऊन बसतेस, चहाच्या चमच्याने.

त्या रात्री आक्का झोपली नाही. "चेडू माती खाता म्हणतत, खरां काय गो?" मला पुन्हा पुन्हा तेच. मी काय सांगणार? खरं असेल तर आधी ती बरणी कुंडीत उपडी कर. पत्र पुढे मग वाच.

भावाने हटकलं तर काय म्हणालीस? "आपल्या मातीत लोह असतं, रक्त वाढतं." शाबास! अगं, रेडीच्या खाणीतून लोखंडाचा दगड बोटी भरभरून परदेशी गेला. तो कुटून खाऊन कुणाचं रक्त वाढलेलं मी तरी पाहिलं नाही. मातीचा तांबडेपणा लोहाचाच, पण गंजासारखा. आपल्या आतड्याला त्याचा उपयोग नाही. उलट जेवणातलं आणि गोळीतलं लोह माती पोटात धरून ठेवते आणि अंगी लागू देत नाही. शिवाय ते आपलं परस. कुत्री, कोंबड्या, पोरं, सगळ्यांचा वावर तिथेच. जंतांची अंडी चाळणीत अडकत नाहीत, बायो.

तुझ्या फाइलीत हिमोग्लोबिन ८.९ लिहिलंय, तेही त्याने वाचलं. गरोदर बाईचं ११ च्या खाली जाता कामा नये. आणि लाल गोळ्यांची पाकिटं कपाटात तशीच! शौच काळं होतं म्हणून भ्यालीस, पोट साफ होईना म्हणून सोडल्यास, असंच ना? उपकेंद्रात नोकरीभर मी हेच ऐकलं. काळं होणारच, त्यात काही वाईट नाही. गोळी रात्री जेवणानंतर तासाभराने घे, लिंबाच्या पाण्याबरोबर. तिच्या आगेमागे चहा नको, आणि कॅल्शियमची गोळी सकाळी. सोसत नसेल तर डॉक्टरीणबाई बदलून देतील. एवढ्या कमी रक्ताला रोज एक पुरते की दोन लागतात, तेही त्याच ठरवतील. जंताची गोळी दिली नसेल तर विचार.

आणि माती खातेस हे त्यांना सांग. हसणार नाहीत. रक्त उतरलं की असले डोहाळे लागतात: माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कोरडे तांदूळ. विटेचा तुकडा पदराला बांधून तपासायला आलेल्या बायका मी पाहिल्यात. लाजून गप्प बसलेली प्रत्येकजण त्रासात पडली, सांगून मोकळी झालेली नाही.

तिथल्या इरई नदीचा मासा मातकट लागतो म्हणून ताट सारतेस, हेही कळलं. आता यावर मी हसू का रडू, तूच सांग!

मावशीला काय कळतंय, म्हणशील. १९८१ साली मी परळला चाळीत होते, थोरल्याच्या वेळी. नवा माठ भरला की त्या वासाने मला वेड लागायचं. खोलीत कुणी नसलं की ओल्या माठाला जीभ लावायची. कुणाला बोलले नाही. आई एसटीने आली, पेजेच्या तांदळाचं गाठोडं आणि आमसुलं घेऊन. दहा बाय दहाच्या खोलीत पाय पसरायला जागा नाही, सासूबाईंच्या कपाळाला आठी. शेजारणीच्या देखत मी आईला म्हटलं, "तू जा आता, माझं बरं चाललंय." दुसऱ्याच दिवशी गेली बिचारी. पुढल्या साली संप झाला, गिरणी गेली, आम्ही गावी आलो, मी नर्सिंग केलं. पण तोवर आई नव्हती. बरं काही चाललं नव्हतं गो माझं. तिने थोडी वाट पाहिली असती, तर सांगितलंही असतं.

म्हणून म्हणते, घर आठवलं की रड. इथे मिरगाचा पहिला पाऊस झाला, अंगणाला वास सुटलाय. तिकडे अजून खिडकीवर कोळशाची धूळ आणि गरम वारा. कुणालाही रडू येईल. पण रोजच झोप लागेना, जेवण जाईना असं झालं तर डॉक्टरीणबाईंना तेही सांगायचं. विहीणबाईंची आंबाडीची भाजी खाऊन बघ, छान आंबट असते. त्यांना एकदा पेज करून घाल. सून का बोलत नाही, हा घोर त्यांनाही असेल.

पार्सल पाठवते आहे. उकडा तांदूळ, आमसुलं, कुळथाचं पीठ. सुकी सुंगटं मूठभरच, मीठ फार असतं त्यांत. माती नाही! बरणी रिकामी केलीस ना?

श्रावणात सातवा लागेल. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या की न्यायला मी स्वतः येणार, भावाला पाठवणार नाही. आक्काने ओटीलगतची खोली आत्ताच झाडायला काढलीय. माडीवर ती तुला चढू देणार नाही. तोवर धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, पायांबरोबर तोंडही सुजलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

रागावले खरी. कागद भरला तसा राग गेला. दुपारी तुला माती खाविशी वाटली की मला फोन कर, मी दुपारची झोपत नाही. काही बोलायला नसलं तरी कर. मी इथल्या पावसाचं सांगेन, फणस किती उतरले ते सांगेन.

आणि एक विचारायचं राहिलंच. पोटात फडफड सुरू झाली का? पहिलटकरणीला आधी वाटतं वाताचंच आहे. झाली असेल तर तेव्हा कुठे होतीस, काय करत होतीस, ते सगळं लिही. फोनवर नको, लिहीच. आक्काला वाचून दाखवीन.

तुझी,
मावशी