टुरिस्ट व्हिसावर परदेशी जाण्यापूर्वी

रत्नागिरी आणि रायगडच्या खाडीपट्ट्यात आखाती देशांत कोणी ना कोणी गेलेले नाही, असे घर विरळाच. त्यात आता छोट्या व्यापाऱ्यांची भर पडली आहे. पूर्वी मुंबईच्या मशीद बंदरावरून माल उचलणारा दुकानदार आज दुबईच्या देरा बाजारात किंवा चीनमधील ग्वांगझूच्या कँटन फेअरमध्ये स्वतः जाऊन भाव विचारतो. तिकीट काढणे सोपे झाले, व्हिसाही अनेक ठिकाणी घरबसल्या मिळू लागला. मात्र व्हिसा म्हणजे नेमके काय आणि तो कोणत्या कामाला चालतो, याची माहिती करून न घेताच पुष्कळ जण निघतात. मग चूक कळते ती विमानतळावर. तोपर्यंत तिकिटाचे, हॉटेलचे आणि एजंटाचे पैसे गेलेले असतात.

पहिली गोष्ट ही की, व्हिसा हा प्रवेशाचा हक्क नाही. परदेशाच्या दारापर्यंत जाऊन आत येऊ द्या असे विचारण्याची ती परवानगी होय. आत घ्यायचे की नाही, हे त्या देशाचा इमिग्रेशन अधिकारी समोरासमोर ठरवतो. अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेस किती दिवस राहायचे, हे तेथे उतरल्यावर होणाऱ्या आय-९४ या नोंदीत लिहिलेले असते. व्हिसाची मुदत म्हणजेच मुक्कामाची मुदत असे समजून राहिलेला माणूस नकळत बेकायदेशीर ठरतो.

प्रत्यक्षात मात्र सर्वांत आधी अडवतो तो विमान कंपनीचा काउंटरवरील कर्मचारी. पुष्कळांना त्याचा राग येतो. परंतु अपुऱ्या कागदांवर प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा खर्च कंपनीवर पडतो आणि अनेक देशांत वर दंडही होतो. म्हणून हे कर्मचारी टिमॅटिक नावाच्या आंतरराष्ट्रीय नोंदीत आपला पासपोर्ट व मुक्कामाचा देश घालून नियम पाहतात. तेथे 'नाही' आले तर हुज्जत घालून काही उपयोग होत नाही.

आता पासपोर्टाकडे वळू. मुदत दोन महिने शिल्लक आहे, जाऊन येणे आठ दिवसांचे आहे, मग काय हरकत, असा आपला हिशेब असतो. तो चालत नाही. आखाती देश आणि आग्नेय आशियातील बहुतेक देश प्रवासाच्या वेळी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट मागतात. युरोपातील शेंगेन देशांचा नियम वेगळा आहे. तेथून निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. दोन पाने कोरी असावीत. पान फाटलेला किंवा पाण्याने भिजलेला पासपोर्ट आपल्याच विमानतळावर नाकारला जाऊ शकतो. हस्तलिखित पासपोर्ट तर आंतरराष्ट्रीय नियमानुसार २४ नोव्हेंबर २०१५ नंतर बाद झाले. घरातील वडीलधाऱ्यांचा जुना पासपोर्ट उमराहच्या निमित्ताने पेटीतून बाहेर निघतो, तेव्हा हे लक्षात असू द्यावे.

नावाचा घोळ हा आपल्याकडील खास विषय आहे. शाळेच्या दाखल्यावर 'शेख', आधारवर 'शाईख', पासपोर्टवर इंग्रजीत तिसरेच स्पेलिंग. 'मोहम्मद' तर चार-पाच तऱ्हांनी लिहिलेले आढळते. उर्दूतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत नाव उतरवताना प्रत्येक कारकुनाने आपापली अक्कल लढवलेली असते. तिकीट आणि व्हिसा या दोन्हींवरील नाव पासपोर्टाशी अक्षराला अक्षर जुळले पाहिजे. दुसरी अडचण आडनावाची. बऱ्याच जणांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने असे एकेरी नाव असलेल्या प्रवाशांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाकारण्याचा नियम लागू केला आणि अनेकांची तिकिटे वाया गेली. शेवटच्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असणाऱ्यांना पुढे काही सवलत मिळाली. तरीही पासपोर्ट नवा करताना आडनाव भरून घेणे केव्हाही चांगले.

यानंतरचा विषय थोडा लांबवून सांगितला पाहिजे, कारण आपल्या भागातील सर्वाधिक पैसा आणि मनस्ताप यातच जातो. 'आधी व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर काम लावून देतो' असे एजंट सांगतो. आता दुबईत व्हिजिट व्हिसावर असताना नोकरी शोधण्यास किंवा मुलाखत देण्यास मनाई नाही. मालक तयार झाला तर रीतसर कागद करून व्हिसा बदलूनही मिळतो. परंतु वर्क परमिट होण्यापूर्वी एक दिवस काम केले तरी तो गुन्हा आहे. परमिटाशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकासाठी अमिरातीने २०२४ मध्ये दंड वाढवून १ लाख ते १० लाख दिरहम केला. त्यामुळे धाड पडताच मालक 'हा माझा माणूसच नव्हे' म्हणून हात झटकतो. तीन महिन्यांचा बुडालेला पगार मागायला तो माणूस कोणाकडे जाणार? करार नाही, परमिट नाही, कागदोपत्री तो पर्यटक आहे.

आपल्या सरकारचा नियमही येथेच लागू पडतो. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार, ज्याच्या पासपोर्टावर ईसीआर असा शिक्का आहे त्याला आखाती देश, मलेशिया, जॉर्डन, इराक आदी ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स यांची मंजुरी घ्यावी लागते. नोकरीखेरीज अन्य कारणाने, म्हणजे पर्यटन किंवा नातलगांच्या भेटीसाठी जाताना ऑक्टोबर २००७ पासून ही मंजुरी लागत नाही. नेमकी हीच फट एजंट वापरतात. परंतु विमानतळावरील आपल्या अधिकाऱ्यांना हे ठाऊक असते. बॅगेत कामाचे बूट आणि खिशात कंपनीचा पत्ता घेऊन निघालेल्या 'पर्यटका'ला ते उतरवून घेतात. शिवाय मंजुरी घेऊन जाणाऱ्याचा प्रवासी भारतीय विमा योजनेखाली १० लाख रुपयांचा विमा उतरतो, ज्यात अपघाती मृत्यू व कायमचे अपंगत्व येते. व्हिजिटवर कामाला गेलेल्याच्या घरी वाईट बातमी आली तर त्या विम्याची रक्कम मिळत नाही, आणि मय्यत परत आणण्याची धावपळही घरच्यांच्याच गळ्यात पडते.

दहावी उत्तीर्ण असूनही पासपोर्ट ईसीआर राहिलेले तरुण आजही भेटतात. त्यांनी गुणपत्रिका जोडून पासपोर्ट नव्याने काढावा. आयकर भरणारे आणि ५० वर्षांवरील व्यक्तीही या बंधनातून मुक्त आहेत. नोंदणीकृत भरती एजंटाला घेता येणारी फी नियमाने कमाल ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी इतकीच ठरवलेली होती. लाखांत रक्कम मागणारा आणि पावती न देणारा माणूस कोण असावा, याचा अंदाज वाचकांनीच करावा. पर्यटकांना मिळालेली सवलत अशा लोकांपायी कशी जाते, याचे उदाहरण इराणचे आहे. फेब्रुवारी २०२४ पासून इराणने भारतीय पर्यटकांना विमानाने आल्यास १५ दिवस व्हिसाशिवाय प्रवेश खुला केला होता. नोकरीचे आणि पुढे तिसऱ्या देशात पोहोचवण्याचे आमिष दाखवून तरुणांना तेथे नेण्यात आले, त्यांपैकी काहींचे अपहरण करून घरच्यांकडून खंडणी मागण्यात आली. शेवटी २२ नोव्हेंबर २०२५ पासून इराणने ही सवलत स्थगित केली.

खऱ्या पर्यटकाने दुबईला जाताना परतीचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग किंवा नातलगाच्या घराचा पत्ता व त्यांच्या ओळखपत्राची प्रत, आणि खर्चापुरती रक्कम जवळ बाळगावी. २०२४ च्या मे महिन्यात विमान कंपन्यांनी याबाबत कडक तपासणी सुरू केली तेव्हा ३ हजार दिरहम किंवा तेवढी शिल्लक असलेले कार्ड दाखवावे लागत होते. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दररोज माणशी ५० दिरहम दंड ठरवलेला आहे. चौघांचे कुटुंब दहा दिवस जास्त राहिले तर २ हजार दिरहम होतात. येथून नेलेली परकीय चलनी नोटांची रक्कम एका खेपेस ३ हजार डॉलरच्या मर्यादेत ठेवावी लागते, बाकीचे कार्डावर घ्यावेत. भारतीय रुपये २५ हजारांपर्यंत सोबत नेता येतात.

सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू केला. या व्हिसावर उमराह करता येतो, हज करता येत नाही. हा फरक लपवून 'व्हिजिटवर हज' विकणारे दलाल दरवर्षी उगवतात. २०२४ च्या हजमध्ये उष्म्याने १,३०१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ८३ टक्के लोक परवान्याशिवाय आलेले होते, असे सौदी सरकारने जाहीर केले. परवाना नसल्याने वातानुकूलित तंबू नाहीत, बस नाहीत, उन्हात मैलोगणती चालणे. २०२५ मध्ये विनापरवाना हज करणाऱ्यास २० हजार रियालपर्यंत दंड ठेवण्यात आला होता.

व्यापाऱ्यांनी एक भेद नीट ध्यानात घ्यावा. बाजार फिरून पाहणे वेगळे आणि सौदा करणे वेगळे. चीनमध्ये पर्यटनासाठी 'एल' आणि व्यापारासाठी 'एम' असे स्वतंत्र व्हिसा आहेत. 'एम' साठी तेथील कंपनीचे किंवा जत्रेचे निमंत्रणपत्र लागते. कँटन फेअरला जायचे तर खोटेपणाने पर्यटक होण्यापेक्षा निमंत्रणपत्र मागवावे. आयोजक ते देतात.

युरोपचा व्हिसा कागदांच्या बाबतीत सर्वांत चिकट. अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे करायचा असतो. दिवस सारखे असतील तर जेथे प्रथम उतरणार त्याच्याकडे. 'अमुक देश लवकर देतो' म्हणून तिकडे अर्ज करून दुसरीकडे राहिलात तर प्रवेशाच्या वेळी चौकशी होऊ शकते. ३० हजार युरोचा प्रवास-वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. जून २०२४ मध्ये फी ९० युरो झाली आणि नकार मिळाला तरी ती परत मिळत नाही. मुक्कामाचा नियम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस असा आहे, आणि येण्याचा व जाण्याचा दिवस दोन्ही मोजले जातात. समजा, कोणी १ मार्चला जाऊन सलग २९ मेपर्यंत राहिला. त्याचे ९० दिवस संपले. आता व्हिसा वर्षभराचा असला तरी त्याला २८ ऑगस्टपूर्वी पुन्हा पाय ठेवता येणार नाही. ऑक्टोबर २०२५ पासून तेथे बोटांचे ठसे व छायाचित्र घेऊन संगणकावर ये-जा नोंदवणे टप्प्याटप्प्याने सुरू झाले, त्यामुळे पुसट शिक्क्याचा फायदा घेण्याचे दिवस गेले. नियमाने वागणाऱ्यास मात्र लाभही आहे. एप्रिल २०२४ मध्ये ठरलेल्या धोरणानुसार तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते योग्य रीतीने वापरलेल्या भारतीयाला दोन वर्षांचा, अनेक खेपांचा व्हिसा मिळू शकतो. दरवर्षी माल पाहायला जाणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे.

कागद कोणते द्यावेत? दुकानदाराने गुमास्ता परवाना, जीएसटी नोंदणी, आयकर विवरणपत्रे आणि सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट द्यावे. अर्जाच्या आठवड्यात मेहुण्याकडून घेतलेले पाच लाख खात्यात भरण्याची युक्ती जुनी झाली. कायम वीस-तीस हजार शिल्लक असलेल्या खात्यात अचानक आलेली रक्कमच अधिकाऱ्याच्या डोळ्यांत भरते. त्यापेक्षा आठ दिवसांऐवजी पाच दिवसांचा दौरा दाखवा, पण खर्च आपल्या उत्पन्नाशी जुळू द्या. एजंटाने बनवलेले खोटे हॉटेल बुकिंग तर मुळीच लावू नये. अर्जाखाली सही आपली असते. ब्रिटनमध्ये फसवणूक सिद्ध झाल्यास दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकते. पूर्वी कोणत्या देशाने व्हिसा नाकारला असेल तर तेही लपवू नये. प्रश्न विचारलेला असतो आणि उत्तर तपासता येते.

शेवटी सामानाविषयी. आपल्या घरची माणसे मायेने मसाले बांधून देतात. त्यात खसखस नाही ना, हे पाहावे. अमिरात, सौदी आणि सिंगापूर येथे खसखस बंदी असलेल्या वस्तूंत मोडते आणि तिच्यापायी तुरुंगात गेलेले भारतीय आहेत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांबाबतही तसेच. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी आणि अमिरातीत जाताना तेथील सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी. शेजाऱ्याने 'एवढे आमच्या मुलाला द्या' म्हणून दिलेले पुडके त्याच्यासमोरच उघडून पाहावे, राग आला तरी.

केनिया, युगांडा, नायजेरियाकडे व्यापारासाठी जाणाऱ्यांना पीतज्वराची लस लागते. सरकारने नेमलेल्या केंद्रातच ती घ्यावी. तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य ठरते आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. प्रमाणपत्र नसेल तर परत आल्यावर मुंबईतच सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते, म्हणून तिकिटाची तारीख लस घेतल्याच्या तारखेवरून ठरवावी.