फिजिक्स घेऊन पुढे काय? अतिवाहकतेची वाट

इंजिनिअरिंगला नंबर लागत असताना बी.एस्सी. फिजिक्स कशाला? बारावीनंतर अनेक घरांत हा प्रश्न निघतो. तो काळजीपोटी येतो, म्हणून उत्तरही नेमकं हवं. त्यासाठी एकच क्षेत्र पाहू: टोपोलॉजिकल पदार्थांच्या पातळ थरांतली अतिवाहकता.

अतिवाहकात वीज कसलाही रोध न होता वाहते. १९११ मध्ये कामरलिंग ओनेस यांना हा गुण ४.२ केल्विनपर्यंत थंड केलेल्या पाऱ्यात दिसला. बिस्मथ टेल्युराइड हा टोपोलॉजिकल इन्सुलेटर. आतून वीजरोधक, पृष्ठभागावर वाहक. आयर्न टेल्युराइडवर त्याचा नॅनोमीटर जाडीचा थर चढवला, की दोन्हींच्या सीमेवर सुमारे १२ केल्विनखाली अतिवाहकता प्रकटते. एकेकटे असताना दोघेही सहसा अतिवाहक नसतात! क्वांटम संगणकासाठी असे थर उपयोगी पडतील, या आशेने जगभर काम चालू आहे. हे काम आपल्यापासून दूरही नाही. शुद्ध बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनला अतिवाहक होतो, हे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) शास्त्रज्ञांनीच दाखवलं.

वाट अशी: बी.एस्सी., मग 'जॅम' परीक्षा देऊन एम.एस्सी.; किंवा बारावीनंतर थेट पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत प्रवेश. पुढे नेट, गेट किंवा जेस्ट या परीक्षांमधून पीएच.डी. नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासूनच्या दराने सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये मिळतात. म्हणजे पालकांची खरी गुंतवणूक पैशांची कमी आणि वर्षांची जास्त. बारावीनंतर साधारण दहा वर्षं धरून चाला.

प्राध्यापकांच्या जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी, हे आधीच समजून घ्या. पण अशा थरांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत हाताला जे वळण लागतं, ते वाया जात नाही. अतिनिर्वात यंत्रणा सांभाळणं, अणूंचे थर चढवणं, लिथोग्राफी ही कौशल्यं सेमीकंडक्टर उद्योगालाही लागतात. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमुळेही अशा माणसांची गरज वाढते आहे.

या कामात महिनोन्‌महिने थर बिघडतात, पंप गळतो, मोजमाप पुन्हा करावं लागतं. म्हणून मार्कांसोबत मुलीचा धीरही पाहा. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास अनेक संस्था सर्वांसाठी खुल्या असतात, तेव्हा तिला घेऊन जा. किती कळलं, हे लगेच विचारू नका. ती कुठल्या यंत्रापाशी रेंगाळते आणि तिथल्या विद्यार्थ्यांना काय विचारते, तेवढं लक्षात ठेवा. निर्णयाची चर्चा त्या प्रश्नापासून सुरू करा.