चालतीबोलती वृत्तपत्रे

वर्ध्याजवळ धाम नदीच्या तीरी पवनार हे गाव आहे. तेथे १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे यांनी युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला. ही वार्ता देशभर पसरू नये, अशी इंग्रज सरकारची इच्छा होती. दिल्लीच्या अधिकाऱ्यास दाखविल्यावाचून या सत्याग्रहाचा वृत्तान्त छापू नये, असे सरकारने ‘हरिजन’ साप्ताहिकास कळविले. तेव्हा सेवाग्रामला राहणाऱ्या गांधीजींनी ते साप्ताहिकच काही काळ बंद ठेविले आणि प्रत्येकाने स्वतः चालतेबोलते वृत्तपत्र व्हावे, असे लोकांस सांगितले.

मुलांनो, वार्तेच्या वाटेवर दारे थोडी असली, म्हणजे लोकांनी काय ऐकावे व कशाविषयी बोलावे, हे पहारेकरी ठरवितो.

आज बातम्या मोबाइलवर येतात. लिहिणारे कोट्यवधी आहेत. दारे मात्र मोजकीच. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ही तिन्ही मेटा या एकाच कंपनीची आहेत. फेसबुकवर कोणता मजकूर आपल्यापुढे आधी यावा, हे कंपनीच्या नियमांप्रमाणे यंत्र ठरविते. ज्यावर लोकांची नजर खिळते, तो मजकूर बहुधा वर येतो. येथे कोणाचे तोंड बांधलेले नसते. तरीही मागे पडलेला शब्द न बोलल्यासारखाच होतो.

म्हणून एकाच दारावर विसंबू नये. निरनिराळी वृत्तपत्रे वाचावी, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलावे, आणि ऐकलेले पारखूनच पुढे सांगावे. चालत्याबोलत्या वृत्तपत्राचाही पहिला धर्म सत्य हाच होय.

स्वाध्याय : १. गांधीजींनी ‘हरिजन’ का बंद ठेविले? २. आजचा पहारेकरी कोण?