उपचार हवा, पण कोणाच्या जिवावर?



पार्किन्सन, मधुमेह, मणक्याची दुखापत अशा व्याधींनी गांजलेले कुणी ना कुणी आपल्या नात्यात असतेच. 'स्टेम सेल'ने हे आजार बरे होतील अशा बातम्या वाचल्या की कुणीतरी विचारते, "फादर, मग ख्रिस्तसभेचा या संशोधनाला विरोध का?"

विरोध नेमका कशाला?

स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. तिच्यापासून शरीरातील इतर पेशी तयार होतात. अशा पेशी आपल्या अस्थिमज्जेत आणि बाळाच्या नाळेच्या रक्तातही असतात. तिथून त्या घेताना कुणाचा जीव जात नाही. रक्ताच्या कर्करोगात बोनमॅरो बदलतात तो हाच उपचार. त्याला ख्रिस्तसभेची पूर्ण संमती आहे.

विरोध आहे तो भ्रूणातून पेशी काढण्याला. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून प्रथमच अशा पेशी वेगळ्या करून वाढवल्या. भ्रूण तेव्हा पाच-सहा दिवसांचे असते आणि पेशी काढताना ते नष्ट होते.

अमेरिकेतील वाद

जुलै २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी अध्यक्ष बुश यांच्या भेटीत याविषयी स्पष्ट इशारा दिला. ९ ऑगस्ट २००१ रोजी बुश यांनी निर्णय जाहीर केला: त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या भ्रूणपेशींवरील संशोधनालाच केंद्र सरकारचा पैसा मिळेल. खासगी संशोधनावर मात्र बंदी नव्हती. अल्झायमरने पतीची झालेली दशा पाहिलेल्या नॅन्सी रेगन यांनी हे निर्बंध सैल करण्याची मागणी केली. तसे विधेयक बुश यांनी २००६ आणि २००७ मध्ये नाकारले. मार्च २००९ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी ते निर्बंध उठवले.

"ती भ्रूणे टाकूनच देणार ना?"

निर्बंधांच्या विरोधकांचा हा सर्वांत प्रबळ मुद्दा. टेस्ट ट्यूब उपचारानंतर उरलेली, गोठवून ठेवलेली भ्रूणे शेवटी फेकलीच जाणार, मग रुग्णांसाठी का वापरू नयेत?

रुग्णालयात अखेरच्या घटका मोजणाऱ्या माणसाचा विचार करा. तो वाचणार नाही हे ठाऊक असूनही जिवंतपणी आपण त्याचे हृदय काढत नाही, मग दुसऱ्या खाटेवरचा रुग्ण कितीही तरुण असो. जो मरणार आहे, त्याला मारण्याचा हक्क कुणाला मिळत नाही. चांगले घडावे म्हणून वाईट करू नये, हे संत पौलाने रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात शिकवले आहे. २००८ साली व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेले 'दिग्नितास पेर्सोने' हे पत्रकही हेच सांगते: गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीवाला व्यक्तीचा मान द्यावा.

विज्ञान काय सांगते?

जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या साध्या पेशींना भ्रूणपेशींसारखे गुण मिळवून दिले. एकही भ्रूण नष्ट न करता! २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण एवढ्यावर विसंबून "भ्रूणपेशींचा उपयोगच नाही" असे आपण म्हणू नये. ते खरे नाही. भ्रूणपेशींपासून केलेल्या उपचाराने लंडनमध्ये दोन रुग्णांना पुन्हा वाचता येऊ लागल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. आपली भूमिका प्रयोगाच्या अपयशावर उभी नाही. प्रयोग यशस्वी झाला तरी एका जिवाची किंमत देऊन दुसरा बरा करू नये, ही ती भूमिका आहे. पोप जॉन पॉल दुसरे स्वतः पार्किन्सनने थरथरत असतानाही यापासून ढळले नाहीत.

आपण काय करावे?

आजाऱ्याला केवळ 'नाही' ऐकवून चालणार नाही. त्याच्या सेवेला हात लावू या. तरुणांनी बोनमॅरो दाता म्हणून नाव नोंदवावे. आणि जाहिरात पाहून 'स्टेम सेल उपचारा'वर पैसे ओतण्यापूर्वी जाणत्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

चिंतनासाठी: माझ्या घरातील आजाऱ्यासाठी मी काय करायला तयार आहे? आणि काय करायला कधीच तयार होणार नाही?