चालण्यास उशीर लागणारे बालक

बालक सामान्यतः वर्षाच्या सुमारास पहिले पाऊल टाकते. परंतु ही मर्यादा बरीच सैल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बहुतेक सर्व निरोगी बालके ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान चालू लागल्याचे आढळले. चौदाव्या महिन्यात मूल चालत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र दीड वर्ष उलटल्यावरही ‘याचे आजोबासुद्धा उशिराच चालले’ असे म्हणून स्वस्थ बसणे युक्त नव्हे.

स्नायू विश्रांत असतानाही त्यांत किंचित ताण असतो. हा ताण ज्या बालकात कमी असतो, ते बगलेत धरून उचलले असता हातांतून निसटते आहेसे वाटते. बसल्यावर त्याच्या पाठीस पोक येतो व सांधे प्रमाणाबाहेर वाकतात. उभे राहण्यास त्याला इतरांहून अधिक श्रम पडतात; त्याला आळशी म्हणणे हा अन्याय होय. अशा कित्येक मुलांची बुद्धी उत्तम असते. डाउन सिंड्रोम, थायरॉइडची उणीव, ड जीवनसत्त्वाचा अभाव, मज्जातंतूंचे वा स्नायूंचे विकार अशी याची अनेक कारणे आहेत. कधी कारण सापडतही नाही. म्हणून प्रथम बालरोगतज्ज्ञांची तपासणी अवश्य व्हावी.

व्यायामोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे, तत्त्व साधे आहे. ताण बदलणे फारसे हाती नसते. बळ व तोल वाढविता येतात, आणि तेही खेळातून. मुलास त्याचे तळवे जमिनीस पूर्ण टेकतील अशा बुटक्या स्टुलावर बसवावे व समोर थोडे उंच खेळणे धरावे. ते घेण्यासाठी मूल आपोआप उठते. उभे राहू लागल्यावर खेळणी खाटेच्या कडेने पुढे पुढे सरकवावीत, म्हणजे ते आधाराने बाजूस पावले टाकते. खाली पडलेला चेंडू वाकून उचलणे हा तर मांड्यांचा उत्तम व्यायाम. हे सर्व पाच-दहा मिनिटे, दिवसातून अनेकदा करावे. मूल कंटाळले की थांबावे. कोणता खेळ केव्हा द्यावा हे तज्ज्ञाने ठरवावे. घोटे फार आत कलत असल्यास तो विशिष्ट आधारही सुचवितो. तेल लावून चोळल्याने मुलास सुख वाटते. उभे राहण्याचे काम मात्र त्याचे त्यालाच करावे लागते.

बसून ढकलण्याचा चाकांचा वॉकर घरात आणू नये. त्यात मूल चवड्यांवर रेटा देते, तोल शिकत नाही, आणि अपघातही घडतात. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीस बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा. तेथे मूल स्वतःच्या पायांवर उभे असते. तरी तोही जड असावा आणि जवळ कोणी मोठे माणूस असावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यानुसार अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करावयाची असते व गरजू बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावयाचे असते. शाळेत येणाऱ्या मुलांच्या धाकट्या भावंडांविषयी शिक्षकांनी पालकांकडे सहज विचारपूस केल्यास असे बालक वेळीच दृष्टीस पडेल. बसू लागलेले मूल पुन्हा बसेनासे झाले, किंवा एकाच बाजूचे हातपाय कमी वापरू लागले, तर पुढील तपासणीची वाट न पाहता त्याला त्वरित रुग्णालयात न्यावे.